चिनी भाषेत शस्त्रक्रिया शिकवणारे डॉ. कोटणीस कोण होते?

बीडहून धाराशिव ओलांडले, की सोलापूर लागते. तिथेच १० ऑक्टोबर १९१० रोजी द्वारकानाथ कोटणीस यांचा जन्म झाला. मुंबईत वैद्यकीय शिक्षण घेतल्यावर १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून ते चीनला गेले. चीन तेव्हा जपानशी लढत होता.

भाषा का शिकावी लागली? जखमी सैनिकाला दुखते कुठे, हे दुभाष्यामार्फत विचारण्यात मोलाचा वेळ जातो. विद्यार्थी घडवायचे तर त्यांच्याच भाषेत बोलावे लागते. आज विद्यापीठात प्रगत चिनी शिकणारे संभाषण, लेखन आणि विषयाची परिभाषा वर्गात शिकतात. कोटणीस यांनी हे सारे आघाडीजवळच्या रुग्णालयात आत्मसात केले.

१९४१ मध्ये ते बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालक झाले. शस्त्रक्रियेचे पाठ ते चिनीतून देत. परिचर्या शिकवणाऱ्या क्वो छिंगलान यांच्याशी त्यांनी विवाह केला. चिनी लोक त्यांना के दिहुआ म्हणू लागले.

शस्त्रक्रियेवरील पुस्तकाचे लेखन चालू असतानाच ९ डिसेंबर १९४२ रोजी अपस्माराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले. वय होते अवघे ३२. मुलगा यिनहुआ तेव्हा काही महिन्यांचाच होता.