खाशाबा जाधव

खाशाबा दादासाहेब जाधव (१५ जानेवारी १९२६ – १४ ऑगस्ट १९८४) हे भारतीय कुस्तीगीर होते. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक जिंकून ते स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदकविजेते ठरले. त्यांचे पदक कुटुंबीयांनी जतन केले आहे.

प्रारंभिक जीवन

खाशाबांचा जन्म सातारा जिल्ह्यात कराडजवळील गोळेश्वर या गावी झाला. पाच भावांत ते सर्वांत धाकटे होते. वडील दादासाहेब हे स्वतः पैलवान असल्याने कुस्तीचे पहिले धडे त्यांना घरातच मिळाले. कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये शालेय शिक्षण घेतल्यानंतर त्यांनी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात प्रवेश घेतला.

ऑलिंपिक कारकीर्द

१९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये फ्लायवेट गटात ते सहावे आले. तांबड्या मातीत घडलेल्या या मल्लाला गादीवरील कुस्ती आणि आंतरराष्ट्रीय नियम यांची सवय नव्हती. पुढील चार वर्षांत त्यांनी ही उणीव भरून काढली.

हेलसिंकीच्या प्रवासखर्चाचा प्रश्न मोठा होता. गावकऱ्यांनी वर्गणी जमवली, तर राजाराम महाविद्यालयाचे माजी प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. बँटमवेट (५७ किलो) फ्रीस्टाइल गटात खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको व जर्मनीच्या मल्लांना हरवले. सुवर्णविजेते जपानचे शोहाची इशी आणि रौप्यविजेते सोव्हिएत संघाचे रशीद मामेदबेकोव्ह यांच्याकडून मात्र ते पराभूत झाले. परतल्यावर कराड ते गोळेश्वर अशी बैलगाड्यांची भव्य मिरवणूक निघाली. त्यानंतर कुस्त्यांचे फड भरवून त्यांनी उसने पैसे फेडले.

पोलीस सेवा व निधन

१९५५ मध्ये ते पोलीस दलात उपनिरीक्षक म्हणून रुजू झाले आणि सहायक पोलीस आयुक्त पदावरून निवृत्त झाले. १९८४ मध्ये रस्ते अपघातात त्यांचे निधन झाले. हयातीत त्यांना अर्जुन किंवा पद्म पुरस्कार मिळाला नाही.

पदकाचे जतन

खाशाबांचे पदक संग्रहालयात न जाता घरातच राहिले. गोळेश्वर येथे त्यांच्या नावाने कुस्ती अकादमी उभारण्याची घोषणा शासनाने केली होती. ते काम रखडल्याने २०१७ मध्ये कुटुंबीयांनी निधीसाठी पदकाचा लिलाव करण्याची तयारी दर्शवली. लिलाव झाला नाही, परंतु त्यामुळे अकादमीचा विषय पुन्हा चर्चेत आला.

क्रीडास्मृतींच्या बाजारात ऑलिंपिक पदकांना मोठी मागणी असते. जेसी ओवेन्स यांचे १९३६ चे एक सुवर्णपदक २०१३ मध्ये सुमारे १४.६ लाख डॉलरला विकले गेले. ते ओवेन्स यांनी नर्तक-अभिनेते बिल रॉबिन्सन यांना भेट दिले होते. अशा वस्तूची किंमत तिच्या धातूवर नव्हे, तर ती कोणाच्या हातून कोणाकडे गेली याच्या खात्रीवर ठरते. खाशाबांचे पदक कुटुंबातच राहिल्याने त्याबाबत शंका उरत नाही.

मरणोत्तर सन्मान

खाशाबांना २००० सालचा अर्जुन पुरस्कार मरणोत्तर देण्यात आला. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेसाठी दिल्लीत उभारलेल्या कुस्ती संकुलाला त्यांचे नाव आहे. महाराष्ट्रात १५ जानेवारी हा त्यांचा जन्मदिन राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा होतो. सोलापूर जिल्ह्यातील जेऊरचे दिग्दर्शक नागराज मंजुळे यांनी २०२३ मध्ये त्यांच्या जीवनावरील चित्रपटाची घोषणा केली. खाशाबांनंतर भारताला पुढचे वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळण्यास ४४ वर्षे लागली. १९९६ मध्ये लिअँडर पेस यांनी टेनिसमध्ये कांस्यपदक जिंकले.