रेचेल कार्सन

मुलांनो, वाईच्या घाटांपासून कराडच्या प्रीतिसंगमापर्यंत आणि तेथून सांगलीच्या आयर्विन पुलापर्यंत कृष्णेच्या काठी राहणाऱ्यांना नदीतील मासा परका नाही. २०२३ च्या मार्च महिन्यात सांगलीजवळ याच नदीत असंख्य मासे मरून तरंगू लागले. असे मरण डोळ्यांना दिसते. परंतु माशाच्या देहात गुपचूप शिरून वर्षानुवर्षे ठाण मांडणारी विषेही असतात. ती जगाच्या नजरेस आणून देणाऱ्या विदुषीचे नाव रेचेल कार्सन.

२७ मे १९०७ रोजी अमेरिकेतील स्प्रिंगडेल या गावी त्यांचा जन्म झाला. गाव समुद्रापासून फार दूर. पण मुलीला वेड समुद्राचेच! आई तिला रानावनातून हिंडवी, पाखरे ओळखावयास शिकवी. वयाच्या अकराव्या वर्षी तिची गोष्ट मुलांच्या मासिकात छापून आली. लेखिका व्हावे म्हणून ती महाविद्यालयात गेली आणि तेथे जीवशास्त्राकडे वळली. प्रत्यक्ष समुद्र मात्र तिने पाहिला तो बाविसाव्या वर्षी. १९३२ साली त्या प्राणिशास्त्रात एम. ए. झाल्या. त्यांच्या प्रबंधाचा विषय होता, माशाच्या वाढत्या गर्भातील मूत्रपिंड!

पुढे शिकण्याची फार इच्छा होती. पण घरी पैसा नव्हता. १९३५ साली वडील वारले, दोन वर्षांनी बहीणही गेली आणि तिच्या दोन मुलींचा भार यांच्यावर पडला. सरकारच्या मत्स्यविभागात नोकरी धरून त्या माशांविषयी लिहू लागल्या. १९५१ साली समुद्रावरील त्यांचे पुस्तक अतिशय गाजले, तेव्हा कोठे त्यांना नोकरी सोडून केवळ लेखनावर राहता आले.

त्या काळी डी. डी. टी. या कीटकनाशकाचा सर्वत्र जयजयकार चालला होता. आपल्याकडेही १९५३ पासून हिवताप हटविण्यासाठी घरोघरच्या भिंतींवर ती फवारली गेली आणि लक्षावधी माणसे वाचली. तो उपकार नाकारता येणार नाही. परंतु हे द्रव्य लवकर कुजत नाही. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, चरबीत मात्र सहज विरघळते. म्हणून ते पाण्यातील सूक्ष्म जीवांत साठते. त्यांना खाणाऱ्या लहान माशांत अधिक आणि लहानांना गिळणाऱ्या मोठ्या माशांत त्याहूनही अधिक. मज्जातंतूच्या पापुद्र्यात सोडियमच्या कणांसाठी अतिसूक्ष्म दारे असतात. ती क्षणभर उघडतात आणि मिटतात. डी. डी. टी.चा रेणू तेथे अडकला की दार वेळेवर मिटत नाही. मग मज्जातंतू थांबेचना. मासा थरथरतो, त्याचा तोल जातो आणि शेवटी तो मरतो. मादीच्या चरबीतील विष अंड्याच्या बलकात उतरते. तोच बलक पिलाचे पहिले अन्न!

१९५४ साली कॅनडातील मिरामिची नदीच्या काठची अरण्ये किडीपासून वाचविण्यासाठी विमानांतून डी. डी. टी. फवारण्यात आली. त्या वसंतात जन्मलेली सामन माशांची पिले जवळजवळ सारी नष्ट झाली. त्यांचे खाद्य असलेले पाण्यातील किडेही मेले.

अशी प्रकरणे कार्सनबाईंनी चार वर्षे गोळा केली. त्यातच त्यांना कर्करोग जडला. वैऱ्यांना निमित्त मिळू नये म्हणून त्यांनी तो लोकांपासून लपवून ठेवला. १९६२ साली त्यांचे ‘सायलेंट स्प्रिंग’ हे पुस्तक निघाले आणि रासायनिक कारखानदार त्यांच्यावर तुटून पडले. वास्तविक, सर्व औषधे बंद करा असे बाईंचे म्हणणेच नव्हते. ती जाणून, जपून वापरा, एवढीच त्यांची मागणी होती. टीकाकारांनी पुस्तक नीट वाचले होते की नाही, याची शंकाच येते. अध्यक्ष केनेडी यांनी शास्त्रज्ञांकरवी चौकशी करविली. १९६३ च्या त्या अहवालाने बाईंच्या म्हणण्याला पुष्टी दिली. त्याच वर्षी खंगलेल्या देहाने त्या अमेरिकेच्या सेनेटपुढे साक्ष देण्यास गेल्या.

१४ एप्रिल १९६४ रोजी, छप्पन्नाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. अमेरिकेत डी. डी. टी.च्या सर्वसाधारण वापरावर बंदी आली ती १९७२ साली. भारतात १९८९ साली शेतीतील तिचा वापर बंद करण्यात आला. हिवतापाच्या कामापुरती ती ठेवण्यात आली.