रुडॉल्फ डिझेल

ट्रॅक्टरमध्ये ओततात ते डिझेल. पण हे मुळात एका माणसाचे आडनाव, ठाऊक आहे का?

रुडॉल्फ डिझेल यांचा जन्म १८ मार्च १८५८ रोजी पॅरिस येथे झाला. आईवडील जर्मन. १८७० साली युद्ध पेटले, घर सोडावे लागले. बारा वर्षांच्या रुडॉल्फला नातेवाइकांकडे राहून शिकावे लागले. पुढे म्युनिकला शिकताना त्यांना कळले, की वाफेच्या इंजिनात शंभरातली जेमतेम दहा भाग उष्णता कामी येते. बाकी सारी वाया! ही नासाडी त्यांच्या मनाला लागली.

सायकलला हवा भरताना पंप गरम होतो ना? तशी हवा खूप दाबली की तापते. तीत तेल सोडले की ठिणगीवाचून पेटते. असे इंजिन करताना एकदा स्फोट झाला, ते थोडक्यात वाचले. पण हटले नाहीत. १८९७ साली त्यांच्या इंजिनाने शंभरातले २६ भाग कामी लावले.

२९ सप्टेंबर १९१३ च्या रात्री इंग्लंडला जाताना ते बोटीवरून नाहीसे झाले. पुढे समुद्रात प्रेत सापडले. डोक्यावर कर्ज होते.

म्हणून बाबांना सांगा, गाडी उभी असताना इंजिन उगाच चालू ठेवू नका. डिझेल वाचवा!