दक्षिण ध्रुवावरील बालवीर

इ. स. 1928 मधील गोष्ट. रिचर्ड बर्ड हे अमेरिकेच्या नौदलातील विख्यात वैमानिक दक्षिण ध्रुवाकडे मोठी मोहीम नेण्याच्या तयारीत होते. आपल्यासोबत एक बालवीरही न्यावा असे त्यांच्या मनात आले. ही वार्ता पसरताच हजारो मुलांनी अर्ज केले. निवड होता होता अखेर सहाच उरले, आणि त्या सहांतून एकाला पसंती मिळाली. त्याचे नाव पॉल सायपल.

पॉलचा जन्म 18 डिसेंबर 1908 रोजी ओहायो राज्यात झाला. पण तो वाढला पेन्सिल्व्हेनियातील ईरी या सरोवराकाठच्या गावी. तेथेच तो बालवीर झाला. अमेरिकेतील बालवीरांची सर्वोच्च पदवी 'गरुड' ही होय. ती मिळविण्यास एकवीस विषयांत प्रावीण्य दाखवून तितकी पदके संपादन करावी लागत. प्रथमोपचार, पोहणे, स्वयंपाक, पशुपक्ष्यांचे निरीक्षण असे नाना विषय. आणि प्रत्येकात परीक्षकांसमोर प्रत्यक्ष काम करून दाखवावयाचे! पॉल गरुड तर झालाच, पण तेथे थांबला नाही. त्याच्या पदकांची संख्या पन्नासाच्याही पुढे गेली. पदकांची हाव म्हणावी, तर नवे काही शिकण्यात त्याला खरोखरच गोडी होती.

ऑगस्ट 1928 मध्ये न्यूयॉर्कहून जुने शिडाचे जहाज निघाले, तेव्हा पॉल एकोणीस वर्षांचा होता. समुद्र गोठून बनलेला बर्फ फोडीत फोडीत जहाज दक्षिणेस पोहोचले. बर्फाच्या अफाट पठारावर 'लिटल अमेरिका' नावाचा तळ उभारण्यात आला. तेथे बेचाळीस माणसांनी हिवाळा काढला. चार महिने सूर्याचे दर्शन नाही; झोपड्या बर्फाखाली गाडलेल्या; एका झोपडीतून दुसरीत जावयाचे ते बर्फात खणलेल्या भुयारांतून! शोभेचा पाहुणा म्हणून बसून राहण्याची तेथे कोणासही मुभा नव्हती. पॉलकडे प्राण्यांचे नमुने जमविण्याचे काम होते. सील व पेंग्विन यांची कातडी सोलून, स्वच्छ करून, संग्रहालयांसाठी जपून ठेवावयाची. काम किळसवाणे आणि हात गारठवणारे. परंतु त्याने ते नेटाने केले. नोव्हेंबर 1929 मध्ये बर्ड विमानाने दक्षिण ध्रुवावरून उडून आले. पॉल मात्र तळावरच राहिला.

परतल्यावर त्याने अपुरे शिक्षण पुरे केले. बर्ड यांच्या दुसऱ्या मोहिमेत, 1933 साली, तो प्रमुख जीवशास्त्रज्ञ म्हणून गेला. पुढे 1939 ते 1941 या काळातील मोहिमेत पश्चिम तळाचे नेतृत्वच सायपल यांच्याकडे आले. तेथे त्यांनी चार्ल्स पासेल यांच्यासह एक साधा पण महत्त्वाचा प्रयोग केला. प्लॅस्टिकच्या नळकांड्यात 250 ग्रॅम पाणी भरून ते उघड्या वाऱ्यात टांगावयाचे आणि गोठण्यास किती वेळ लागतो ते मोजावयाचे. थंडी तितकीच असली, तरी वारा वाढला की पाणी लवकर गोठे. वाऱ्यामुळे शरीराची ऊब किती वेगाने नाहीशी होते, याचा हिशेब त्यातून मांडता आला. 1945 साली तो प्रसिद्ध झाला. थंड देशांतील हवामानाच्या वृत्तांत आज वाऱ्यासह जाणवणारी जी थंडी सांगतात, तिचे मूळ या नळकांड्यात आहे.

1956 च्या अखेरीस सायपल स्वतः ध्रुवावर उतरले. समुद्रसपाटीपासून सुमारे 2,800 मीटर उंचीवरील त्या नव्या तळाचे ते शास्त्रीय प्रमुख होते. अठरा माणसांना तेथे हिवाळा काढावयाचा होता. असे पूर्वी कोणीही केले नव्हते. पिण्याच्या पाण्यासाठीसुद्धा बर्फ खणून वितळवावे लागे. मार्च 1957 मध्ये बर्ड निवर्तले. आपल्याला या प्रदेशात प्रथम आणणाऱ्या माणसाच्या मृत्यूची वार्ता सायपल यांना तेथेच मिळाली. लगेच सूर्य मावळला तो सहा महिन्यांसाठी. सप्टेंबरात पारा उणे 74 अंश सेल्सिअसपर्यंत उतरला. तथापि उपकरणांवरील नोंदी चालूच राहिल्या, आणि सूर्य पुन्हा क्षितिजावर आला तेव्हा त्याच्या स्वागतास अठराही जण हजर होते.

सायपल 25 नोव्हेंबर 1968 रोजी वारले.