महात्मा फुले मंडई: विरोध करणाऱ्याचंच नाव

पुण्याची महात्मा फुले मंडई कोणाला माहीत नाही? पण ही इमारत बांधायलाच जोतीराव फुल्यांचा विरोध होता, हे फार जणांना ठाऊक नसतं.

१८२७ साली जन्मलेले जोतीराव मुलींची शाळा काढणारे म्हणून सगळ्यांना माहीत. ते सरकारी बांधकामांचे ठेकेदारही होते, त्यामुळे दगड-चुन्याचा हिशेब त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. १८७६ पासून काही वर्षं ते पुणे नगरपालिकेचे सरकारनियुक्त सभासद होते. त्या काळात व्हाइसरॉयच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्चायचा प्रस्ताव आला. जोतीरावांचं म्हणणं, हा पैसा गरिबांच्या शिक्षणाला द्या. ३२ सभासदांत विरोध एकट्या त्यांचाच. सरकारनेच नेमलेल्या माणसाने सरकारी पाहुण्याच्या थाटाला नाही म्हणायचं, म्हणजे केवढी छाती! दारूची दुकानं वाढू लागली तेव्हाही त्यांनी लेखी तक्रार केली.

मंडईच्या खर्चालाही त्यांचा हाच आक्षेप होता. तो कोणी ऐकला नाही. १८८६ मध्ये इमारत उभी राहिली, तिला नाव मिळालं गव्हर्नर लॉर्ड रे यांचं. जोतीराव १८९० मध्ये गेले. पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना रे मार्केटची महात्मा फुले मंडई झाली.