विश्लेषण : ज्या बेसबॉलपायी ऑलिम्पिक पदके गेली, त्याच खेळात ऐतिहासिक धाव! कोण होता जिम थॉर्प?

नऊ डाव संपले, तरी दोन्ही संघांना मिळून एकही हिट नाही. अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमध्ये असा सामना आजवर एकदाच झाला, २ मे १९१७ रोजी शिकागोत. दहाव्या डावात ही कोंडी फोडली जिम थॉर्पने. पाच वर्षांपूर्वी ऑलिम्पिकमध्ये दोन सुवर्णपदके जिंकलेला आणि ती गमावलेला हाच तो खेळाडू.

सामन्यात काय घडले?

शिकागो कब्जकडून डावखुरा हिप्पो वॉन आणि सिनसिनाटी रेड्सकडून फ्रेड टोनी हे पिचर होते. मैदान वीघमन पार्क, म्हणजे आजचे रिग्ली फील्ड. चेंडू मारून फलंदाज सुरक्षितपणे बेसवर पोहोचला की ती हिट. संपूर्ण सामन्यात एकही हिट न देणे, म्हणजे ‘नो-हिटर’, ही एका पिचरसाठीही दुर्मीळ कामगिरी. इथे दोघेही तेच करत होते.

बेसबॉलमध्ये बरोबरी झाली की जादा डाव खेळले जातात. दहाव्या डावात रेड्सच्या लॅरी कॉफने सामन्यातील पहिली हिट मिळवली. पुढे कब्जच्या क्षेत्ररक्षकाकडून झेल सुटला आणि कॉफ तिसऱ्या बेसवर पोहोचला. मग थॉर्प आला. त्याचा फटका खरे तर फसलेलाच होता. चेंडू टप्पे खात वॉनच्या दिशेने गेला. पण थॉर्पचा वेग वॉनला ठाऊक होता. पहिल्या बेसवर तो बाद होणार नाही हे ओळखून वॉनने चेंडू कॅचरकडे फेकला, तरीही कॉफने धाव पूर्ण केली. टोनीने दहाव्या डावातही हिट दिली नाही. रेड्स १-० ने जिंकले.

पदके का काढून घेतली?

थॉर्पचा जन्म १८८७ चा, आजच्या ओक्लाहोमातील सॅक अँड फॉक्स या मूलनिवासी जमातीतला. जुळा भाऊ लहानपणीच गेला. पेनसिल्व्हेनियातील कार्लाइल या मूलनिवासी मुलांच्या निवासी शाळेत त्याचे कसब प्रशिक्षक पॉप वॉर्नर यांनी हेरले. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिम्पिकमध्ये त्याने पेंटॅथलॉन आणि डेकॅथलॉन दोन्ही जिंकले. त्या काळी अनेक मूलनिवासींना अमेरिकेचे नागरिकत्वही नव्हते. ते सर्वांना १९२४ मध्ये मिळाले.

जानेवारी १९१३ मध्ये बातमी फुटली. १९०९-१० मध्ये थॉर्प नॉर्थ कॅरोलायनात किरकोळ पैसे घेऊन बेसबॉल खेळला होता आणि ऑलिम्पिक तेव्हा फक्त हौशी खेळाडूंसाठी होते. सुट्टीत पैसे घेऊन खेळणारे महाविद्यालयीन खेळाडू इतरही होते, पण ते खोटे नाव लावत. थॉर्प स्वतःच्या नावाने खेळला, आणि तेच त्याला भोवले. खरे तर तक्रारीची ३० दिवसांची मुदत केव्हाच संपली होती. तरीही पदके गेली.

पुढे काय झाले?

त्याच वर्षी न्यूयॉर्क जायंट्सने त्याला उघडपणे व्यावसायिक म्हणून करारबद्ध केले. १९१७ मध्ये काही महिने तो रेड्सकडे होता, म्हणूनच शिकागोतील त्या सामन्यात खेळला. मात्र बेसबॉल हा त्याचा सर्वोत्तम खेळ कधीच नव्हता. १९१९ पर्यंत २८९ सामन्यांत त्याची सरासरी .२५२ राहिली. अमेरिकन फुटबॉलमध्ये मात्र तो राजा होता. आजची एनएफएल १९२० मध्ये वेगळ्या नावाने सुरू झाली, तेव्हा पहिला अध्यक्ष तोच.

अखेरची वर्षे हलाखीची गेली. चित्रपटांत किरकोळ भूमिका, कधी मजुरी. २८ मार्च १९५३ रोजी कॅलिफोर्नियात त्याचे निधन झाले. १९८२ मध्ये ऑलिम्पिक समितीने त्याला संयुक्त विजेता मानले. एकमेव विजेता म्हणून नाव परत लागायला २०२२ उजाडले.

त्या दिवशीच्या वॉनचे नेमके उलटे झाले. नऊ डाव हिट न देणाऱ्या या पिचरची नोंद अनेक दशके नो-हिटर म्हणून होती. १९९१ मध्ये व्याख्या बदलली. जादा डावात हिट दिली असेल तर नो-हिटर धरायची नाही, असे ठरले आणि वॉनचे नाव यादीतून वगळले गेले. टोनीचे कायम आहे.