मुखवट्याच्या नाटकाचे थोर कलावंत झेआमी

जपान हा उगवत्या सूर्याचा देश आहे. तिथे नोह नावाचं फार जुनं नाटक आहे. त्यात मुख्य नट लाकडी मुखवटा घालून नाचतो आणि गातो. हे नाटक ज्यांनी नावारूपाला आणलं, त्या झेआमी यांची ही माहिती आहे.

झेआमी यांचा जन्म सुमारे १३६३ साली झाला. वडिलांचे नाव कानआमी. त्यांची नाटकमंडळी होती. झेआमी अकरा-बारा वर्षांचा असताना क्योतो शहरात त्यांचा खेळ झाला. तो पाहायला योशिमित्सु आला होता. तो जपानचा शोगुन, म्हणजे मोठा सेनापती. राज्य त्याच्याच हातात होतं. त्याला बापलेकांचं काम फार आवडलं. त्याने त्यांना आश्रय दिला.

१३८४ साली वडील वारले. झेआमी तेव्हा फक्त बावीस वर्षांचे होते. सगळी मंडळी त्यांच्या अंगावर पडली. पण ते डगमगले नाहीत. त्यांनी पुष्कळ नाटकं लिहिली.

आता मुखवट्याची गंमत सांगतो. तो हिनोकी झाडाच्या लाकडात कोरतात व रंगवतात. तो चेहऱ्यापेक्षा लहान असतो. डोळ्यांची भोकं इतकी बारीक, की नटाला नीट दिसतच नाही. तो रंगमंचाचे खांब पाहून अंदाजाने चालतो. बायकांची कामंसुद्धा पुरुषच मुखवटा घालून करीत. मुखवट्याचं तोंड हलत नाही. तरी नटाने मान जराशी वर केली की तो हसल्यासारखा दिसतो. खाली केली की रडवेला दिसतो. लाकूड तेच, पण दुःख आणि आनंद दोन्ही दिसतात! याला खूप वर्षांचा सराव लागतो.

झेआमींनी नाटक कसं शिकावं यावर पुस्तकं लिहिली. शिक्षण सातव्या वर्षी सुरू करावं, पण लहान मुलांना फार रागवू नये, असं त्यांनी लिहिलं. रागावलं तर मुलाचं मनच उडतं. मला हे फार आवडलं. चांगल्या कामाला ते फूल म्हणत. लहानपणीचं फूल आपोआप फुलतं आणि लवकर सुकतं. अभ्यासाने आलेलं फूल मात्र म्हातारपणीही टिकतं.

पुढे वाईट दिवस आले. नवा शोगुन योशिनोरी याने त्यांच्या पुतण्याला जवळ केलं. १४३२ साली त्यांचा मुलगा मोतोमासा वारला. या मुलाने १४३० साली तेनकावा येथील देवळाला एक म्हाताऱ्याचा मुखवटा अर्पण केला होता. मुलगा गेला, मुखवटा राहिला. मग १४३४ साली सत्तरी ओलांडलेल्या झेआमींना सादो नावाच्या लांबच्या बेटावर पाठवून दिलं. एवढं झालं तरी त्यांनी लेखणी खाली ठेवली नाही. तिथेही त्यांनी गीतं लिहिली. सुमारे १४४३ साली ते वारले.

त्यांची पुस्तकं घराण्यात गुप्त ठेवलेली होती. ती १९०९ साली छापली गेली, तेव्हा सर्वांना वाचायला मिळाली. त्यांची नाटकं जपानमध्ये अजून होतात. ज्याने त्यांना बेटावर धाडलं त्या शोगुनचं नाव थोड्यांनाच माहीत आहे, पण झेआमींचं नाव जगात झालं. संकट आलं तरी आपलं काम सोडू नये, हे आपण त्यांच्यापासून शिकावं.